जीपच्या काचेवरची चांदी

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

पोलादपूर,
श्रावण, मंगळवार.

तीर्थस्वरूप दादांस व सौ. वहिनींस उजूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही एसटीच्या पार्सलने पाठवलेलं खोकं सुखरूप पोचलं. त्यात चहा पावडर एक किलो, वहिनींच्या दोन साड्या (निळी चांगली आहे, पिवळीचा काठ विरला आहे, पण मधला भाग गोधडीला येईल), ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बिस्किटांचे चार पुडे, त्यातल्या एकाचा भुगा झालेला, आणि त्या कुडपणच्या मुलाची पत्रिका व फोटो, एवढं निघालं. खोकं सोडवून आणायला चाळीस रुपये हमाली पडली. ती मी वहीत घरखर्चाला न टाकता तुमच्या नावावर टाकली आहे. मागत नाही, नुसती टाकली आहे. बिस्किटांचा भुगा दुधात घालून संपवला.

तुमचा गुडघा कसा आहे? पावसात धरत असेल. दिवाळीत आलात की सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेऊन बसवते, तिथे पैसे पडत नाहीत. वहिनींच्या साखरेचं काय? त्यांना म्हणावं, उपासाला साबुदाणा खाऊन पुण्य लागतं पण साखरही वाढते, तेव्हा वरीचे तांदूळ खा. आम्ही इकडे देवीच्या कृपेने ठीक आहोत. आमचा किशोर महाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो आणि आला की झोपतो. ह्यांचा रक्तदाब कुडपणच्या रस्त्यासारखा आहे, एकदा वर चढला की उतरायला वेळ घेतो.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना हिने पत्र का लिहिलं. त्याचं कारण असं की फोनवर माझं वाक्य अर्ध्यात असताना तुम्ही उत्तर देता. पत्राला मध्येच उत्तर देता येत नाही. शिवाय तुमचा प्रश्न साधा नव्हता. तुम्ही विचारलंत, आपल्या दर्शनाच्या कामात खरंच काही दम आहे, का पोरीची पुण्यातली पाच वर्षं फुकट गेली? कोंडाजीभाऊंनी (म्हणजे त्या मुलाच्या चुलत्यांनी) तुम्हाला कळवलं की काही दम नाही. पण उजू कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय घेत नाही, म्हणून तिला विचारतो. ती हो म्हणाली तर पोरीला उरलेलं वर्ष पुरं करू देऊ, नाही म्हणाली तर तुळशीचं लग्न झालं की हिचं उरकून टाकू आणि पुण्याची खोली सोडू, असं तुम्ही म्हणालात. एका पोरीचं सगळं तुम्ही माझ्या एका शब्दावर ठेवलंत, तेव्हा तो शब्द लिहिण्याआधी काय काय घडलं ते मला क्रमाने लिहू द्या. मध्ये थोडं इकडचं तिकडचं येईल, ते वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांची जीप स्टँडवरून कुडपणला जाते. श्रावणात त्या रस्त्यावर धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा दिवा दिसतो तेव्हा ती गाडी आपल्या मांडीवर आलेली असते. बाहेरचं धुकं एक वेळ परवडलं, पण आत दहा माणसं ओल्या कपड्यांनी बसून श्वास सोडतात (दोन कोंबड्या असल्या तर त्यांचाही), त्यामुळे काच आतून पांढरी होते. ह्यांनी त्यावर सगळं करून पाहिलं. बटाट्याची फोड फिरवली, साबण लावला, कुणी म्हणालं म्हणून तंबाखूही चोळली, तर जीपमधली निम्मी माणसं शिंकायला लागली. शेवटी भिकाजी उरला. भिकाजी म्हणजे कुडपणचाच एक, ज्याला स्टँडवर रोज काही ना काही काम निघतं. तो ह्यांच्या शेजारी बसतो आणि वरपर्यंत पंच्याने काच पुसतो, त्याबद्दल त्याला भाडं नाही. हा करार त्या दोघांत आहे, माझ्या वहीत नाही. गेल्या श्रावणात भिकाजीला डुलकी लागली आणि जीपचं चाक चरात गेलं. कुणाला लागलं नाही, देवीने हात दिला. पण तेव्हापासून किशोर म्हणतो, बाबा, जीप विका. आणि हे असे गप्प बसतात की मला वाटतं किशोरने जीप नव्हे, ह्यांनाच विकायला काढलं आहे.

अशात आषाढ संपता संपता दर्शना आली. बगलेत कॅलेंडरसारखी एक गुंडाळी. उलगडली तर साधं प्लास्टिक, पोरं पुस्तकाला घालतात तसलं. मी म्हटलं, हे पुण्याहून कशाला आणलंस, इथे बाजारात मिळतं. तर म्हणाली, आत्या, ह्याच्यावर चांदी आहे. मी चष्मा लावून पाहिलं, उन्हात धरलं, देवासमोर धरलं. काही दिसेना. त्यावर ती मला आणि ह्यांना ओटीवर बसवून समजावून सांगू लागली, आणि ते मी तुम्हाला मला कळलं तसं सांगते. चुकलं तर माझं, तिचं नाही.

केसाचे उभे हजार भाग करायचे, त्यातला एक भाग जेवढा, तेवढी एक तार. त्याला नॅनोवायर म्हणतात. लांबीलाही ती बेताचीच, केस आडवा ठेवला तर ह्या कडेपासून त्या कडेला पोचायची नाही. अशा मोजता न येणाऱ्या तारा त्या प्लास्टिकवर पसरलेल्या, खळ्यात पेंढा पसरावा तशा, आडव्यातिडव्या, एकमेकींवर पडलेल्या. मधल्या फटींतून उजेड जातो म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. आणि एक तार दुसरीला टेकलेली, दुसरी तिसरीला, म्हणून ह्या टोकाला बॅटरी जोडली की वीज त्या टोकाला पोचते. तारांतून वीज गेली की काच कोमट होते, आणि कोमट काचेवर धुकं बसत नाही. एवढंच.

ह्यांनी तिला विचारलं, "चांदी हाय म्हणतेस, तर दिसत का नाय गो?" ती म्हणाली, फार बारीक आहे म्हणून. तर म्हणतात, "हाय आणि दिसत नाय, म्हणजे तुझ्या आत्यानंच मोजून दिलेली असणार." मी लक्ष दिलं नाही.

मी तिला वेगळंच विचारलं. म्हटलं, मग अजून बारीक कर ना तारा, चांदी वाचेल. दादा, ह्या प्रश्नावर पोरीने माझा हात धरला. म्हणाली, आत्या, माझं सगळं काम ह्याच प्रश्नाचं आहे. तिचं म्हणणं असं की वस्तू फार बारीक झाली की ती आपला स्वभाव बदलते. चांदी तीच, पण वागणं ते नाही. वीज म्हणजे जीप समजा (हे तिने ह्यांच्यासाठी सांगितलं). चौपदरी हायवेवर ती मधून सुसाट जाते, कुडपणच्या रस्त्याला दोन्ही कडांना घासत, अडखळत जाते. तशी तार फार बारीक केली की वीज तिच्या कडांवर आपटत राहते. तापवली तरी तेच. सोनाराला चांदी वितळवायला भट्टी फुलवावी लागते, आणि ही तार त्याच्या कितीतरी आधीच तुटून तिचे मणी होतात, काकवीची धार बारीक धरली की तिचे थेंब पडायला लागतात तसं. बरं, जाड ठेवावी तर वीज झकास जाते, पण काच धुरकट दिसते आणि ह्यांना धुकं आणि चांदी यांतला फरक कळायचा नाही. तेव्हा किती बारीक म्हणजे पुरे, हे ती पाच वर्षं शोधते आहे. मला हे लगेच पटलं. फोडणीला तेल किती बारीक धारेने घातलं म्हणजे पुरे, हे मी ह्या घरात आल्यापासून शोधते आहे आणि अजून ह्यांचं माझं एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ते प्लास्टिक जीपच्या काचेला आतून चिकटवलं, ह्यांच्या डोळ्यांसमोर परातीएवढं, आणि दोन तारा (दिसणाऱ्या) बॅटरीला जोडल्या. एवढंच सांगितलं की वरचा संरक्षणाचा लेप अजून दिलेला नाही, तो पुण्याला गेल्यावर द्यायचा, तोवर कुणी बोट लावू नका. आणि दादा, ते चाललं. मी स्वतः शेजारच्या चंपाबाईंना घेऊन कुडपणपर्यंत जाऊन आले (भाडं चंपाबाईंनी दिलं). सगळी काच पांढरी आणि मधोमध परातीएवढा रस्ता स्वच्छ, त्यात वळण, त्यात दगड, त्यात एक म्हैस. ह्यांनी म्हशीला हॉर्न दिला तो नुसता तिला पाहिल्याच्या आनंदाने. खाली उतरल्यावर मी देवीला नारळ फोडला. एक भिकाजी तेवढा खूश नव्हता. तो पंचा मांडीवर घेऊन बसून राहिला आणि स्टँडवर उतरल्यावर म्हणाला की उद्यापासून त्याला गुरांचं बघायचं आहे. त्याची गुरं दोन वर्षांपूर्वीच विकली.

आठ दिवस असं चाललं. मग तुमचा निरोप आला की कोंडाजीभाऊ मुलीला बघायला येतील, जीपने वर घरी जातील आणि जाता जाता तिचं कामही बघतील. दिवस सोमवारचा ठरला. श्रावणातला सोमवार म्हणजे मी पहाटे उठून देवाची भांडी घासते. चिंच भिजवायची, काथ्याने घासायचं, राखेचा हात फिरवायचा, पाणी. आईचं चांदीचं ताम्हन असंच घासून घासून इतकी वर्षं लखलखतंय, तुम्ही पाहिलं आहे. त्या दिवशी पाहुणे जीपने जाणार म्हणून मी जीपही धुवायला घेतली. आतून काच पुसायला गेले तर दर्शनाचं प्लास्टिक कडेला पिवळसर दिसलं. मी मनात म्हटलं, पावसाळी हवेने चांदी काळी पडायला लागली. पोर शिकलेली आहे, तिला चांदीची भांडी कुठे घासावी लागतात? आणि पाहुण्यांसमोर काळी चांदी म्हणजे घराण्याची शोभा. चिंच हातातच होती.

तिने बोट लावू नका म्हटलं होतं. मी बोट लावलं नाही, काथ्या लावला.

निघालं मात्र सुरेख. पिवळेपणा कुठल्या कुठे, इतकं स्वच्छ की काचेवर काही आहे असं वाटेना. मी देवाला हात जोडले आणि हळदकुंकू लावायला म्हणून बाजूची जागा निवडली, चांदीवर नको म्हणून. एवढी मी जपणारी.

पुढचं तुम्हाला कोंडाजीभाऊंनी त्यांच्या बाजूने सांगितलं आहे, माझ्या बाजूने ऐका. दर्शनाने त्यांना चहा दिला, सगळं समजावून सांगितलं, भाऊही मान हलवत ऐकत होते. मग ते ह्यांच्या शेजारी, भिकाजीच्या जागेवर बसले. दर्शना आणि मी मागे. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणाला काच पांढरी झाली ती झालीच. ह्यांनी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. दर्शना पुढे वाकून तारा चाचपायला लागली. भिकाजी गुरांकडे. शेवटी भाऊंनी आपलं नवं उपरणं काढलं आणि वरपर्यंत काच पुसत गेले. शेवटच्या चढाला तेही भिजलं, तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून "डावीकडं, डावीकडं" असं सांगत गेले. मुलगी बघायला आलेला माणूस, दादा, डोक्यावरून पाणी निथळत आपल्याच अंगणात उतरला. एवढंच म्हणाला, पाच वर्षांत जे शिकलीस बाय, ते माझ्या उपरण्यानं केलं.

मी दर्शनाकडे बघत होते. तिने काचेच्या कोपऱ्यात नख घातलं आणि काहीतरी काढून मुठीत धरलं. चिंचेची शीर होती. ती तिने बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि भाऊंना म्हणाली, "आज चाललं नाही, काका. माझी चूक झाली, वरचा लेप द्यायला हवा होता." एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पाहुण्यांच्या अंगणात, जिथे तिच्या लग्नाचं ठरायचं होतं, तिथे ती माझं नाव घेऊ शकत होती.

घरी आल्यावर हसली. इतकी हसली की ओटीवर बसली, आणि मग हसता हसता रडायला लागली, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं की ताम्हन तर घासून घासून चमकतं, मग ह्याला काय झालं. ती डोळे पुसत म्हणाली, "आत्या, ताम्हनाला आत असतं. वरचं थोडं गेलं तरी आतली चांदी उरते. ह्या तारांना आत जवळजवळ नाहीच गं, बहुतेक सगळं बाहेरच. ताम्हनाला जो डाग पडतो, तोच ह्यांना अर्धं खातो. आणि तू घासलंस तेव्हा डागाबरोबर उरलेली तारही गेली."

हे दारात उभे होते. म्हणाले, माझे सदरे असेच गेले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही (उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला). साखरेचा खडा पावसाळ्यात टिकतो आणि पिठीसाखरेला चार दिवसांत पाणी सुटतं, हे मला माहीत होतं की. डब्यात खडीसाखरच ठेवते मी. पण चांदीच्या बाबतीत ते सुचलं नाही.

तिच्याजवळ एक तुकडा उरला होता, बशीएवढा, लेप दिलेला. तो पुण्याला तिच्या सरांना दाखवायचा होता. ह्यांनी तिला काही विचारलं नाही, फक्त दोन दिवस जीप काढली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तिने तो तुकडा काचेवर चिकटवला होता, बरोबर ह्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आता हे बशीतून बघत जीप चालवतात. भिकाजीला घरी जाऊन परत आणलं आहे, बाकीची काच पुसायला आणि तो तुकडा राखायला. कुणापासून राखायचा हे त्याला सांगितलेलं नाही, पण मी जीपजवळ गेले की तो पंचा झटकून उभा राहतो.

तेव्हा दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दम आहे. मी स्वतः घासून बघितलं म्हणून सांगते. जे बिघडलं ते माझ्या चिंचेने बिघडलं, तिच्या विद्येने नाही. आणि एक सांगते, रागवू नका. आपण दोघं ताम्हनाच्या जातीचे. आप्पांनी लहानपणी आपल्याला किती घासलं, आपल्याला आत होतं, आपण चमकलो. ही पोर तशी नाही. हिला एवढंसं बोललेलं आरपार जातं, आणि तरी त्या दिवशी त्या अंगणात ती तुटली नाही. तुम्ही तिला आता घासू नका. लेप पुरा होऊ द्या. वर्षभराचं तर काम उरलं आहे.

वहिनींस नमस्कार. गोळ्या ह्यांना सुरू केल्या.

तुमची धाकटी बहीण,
उजू

ता. क. मुलाची पत्रिका मी भटजींना दाखवली. छान जुळते, छत्तीसपैकी एकोणतीस गुण. देवाधर्माच्या गोष्टीत मी खोटं लिहिणार नाही. मुलगाही फोटोत नीट दिसतो, कान जरा मोठे आहेत पण ऐकून घेणारा असेल. मी एक नवं उपरणं घेऊन कोंडाजीभाऊंकडे गेले आणि चिंचेची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी उपरण्याची घडी उलगडून पाहिली. मग म्हणाले की परवा बाजाराला येताना ते मागच्या बाकावर बसले होते आणि त्या बशीतून त्यांना पूल स्पष्ट दिसला. हे ते तुम्हाला कळवणार नाहीत, कारण आधी उलटं कळवून बसले आहेत. जाताना दारापर्यंत आले आणि हळूच विचारलं, हे चष्म्याला बसवता येतं का, चहा पिताना फार त्रास होतो. मी म्हटलं, एक वर्ष थांबा. ते म्हणाले, चष्म्यासाठी? मी म्हटलं, दोन्हीसाठी. थांबतो म्हणाले.

ता. क. दुसरा. उपरण्याचे तीनशे दहा रुपये तुमच्या नावावर टाकले आहेत, हमालीच्या खाली. चिंचेचं वहिनींना सांगू नका. त्यांना वाटतं मला घरकामातलं सगळं कळतं.

ता. क. तिसरा, आणि ह्यासाठीच पत्र लिहिलं. दर्शना उद्या पुण्याला जाते आहे. मी तुला लिहिते आहे हे तिला माहीत नाही. खोली सोडायची की ठेवायची हे ती मला विचारत नाही, पण कालपासून तिने पुस्तकं एकदा पिशवीत भरली आणि एकदा काढली. दादा, तू मला हो कळवू नकोस, तिला कळव, पुण्याच्या पत्त्यावर, तुझ्या हाताने. फोन करू नकोस, तू तिचंही वाक्य तोडशील. उलट टपाली दोन ओळी पाठव. लांब नकोत, आणि आपल्याला अक्षर लहान काढायची सवय आहे, तशीच लहान काढ. एवढ्याशा असल्या तरी एकमेकींना टेकल्या की पोचतं, हे मी त्या काचेवर डोळ्यांनी पाहिलं आहे.